जॅक तोच, पण आतली भाषा वेगळी

मंडळी, आपल्या डिलाईल रोडचं नाव कधीचंच ना. म. जोशी मार्ग झालंय. नावं दोन, रस्ता एक. ऑफिसातल्या फोनच्या जॅकचं मात्र उलटं आहे. जॅक एकसारखे दिसतात, आतली व्यवस्था दोन प्रकारची.

टेलिफोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या तांब्याच्या जोडीवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. रिसीव्हर उचलला की प्रवाह वाहतो, एक्स्चेंजला ते कळतं आणि डायल टोन मिळतो. घंटी वाजवायला त्याच तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी सोडतात. साधा फोन, फॅक्स, कार्ड स्वाइप करायचं जुनं मशीन, सगळ्यांना हीच भाषा कळते.

ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातलं छोटं एक्स्चेंजच. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटच्या सुरुवातीच्या यंत्रांत १२८ पोर्टांचा पीबीएक्स होता. अशा यंत्राचा एसएलटी पोर्ट साध्या फोनशी त्याच भाषेत बोलतो. पण ऑपरेटरच्या बटनांच्या की-फोनचा डिजिटल पोर्ट वेगळा. तिथे आवाज आकड्यांच्या रूपात जातो आणि बहुधा त्याच कंपनीचा फोन चालतो. आमच्या माहितीतल्या इथल्याच एका गाळ्यात फॅक्स मशीन अशा पोर्टात खोचलं होतं. प्लग बसला, म्हणजे चालणारच, हा हिशोब! दोन दिवस सगळे फॅक्सलाच शिव्या देत होते. असं करताना मशीन किंवा कार्ड जळूही शकतं. म्हणून वायरमनला आधी विचारा, ‘हा एसएलटी आहे ना?’ आणि फॅक्सच्या एक्स्टेंशनवर कॉल वेटिंग बंद करून घ्या. मध्येच बीप आली तर पान अर्धवट जातं.

आता महत्त्वाचं. बऱ्याच यंत्रांत बाहेरची लाइन घ्यायला आधी ० दाबावा लागतो. रात्री वॉचमनने घाबरून नुसतं ११२ फिरवलं, तर यंत्र आतलंच एक्स्टेंशन शोधत बसेल. त्याला हे कुणी सांगितलंय का? शिवाय वीज गेली आणि बॅटरी संपली की ईपीएबीएक्स मुका. तांब्याची लाइन थेट जोडलेला साधा फोन तेव्हाही चालतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळते. फायबरवरच्या फोनचं तसं नाही बरं का, त्याच्या डब्याला वीज तुमचीच लागते.

तेव्हा तांब्याची लाइन अजून असेल, तर एक साधा फोन यंत्राला वळसा घालून थेट तिच्यावर ठेवा, वॉचमनच्या हाताशी.