भागोजी शिंद्यांच्या गावात

शिर्डीत काकड आरती आटोपून बराच वेळ झालाय. नगर-मनमाड रस्त्यावर हार-प्रसादाची दुकानं उघडताहेत, लॉजचे एजंट येणाऱ्या गाड्यांना हात करताहेत. या गजबजीपासून थोडं आत, पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत एक जुनी ओम्नी येऊन थांबते. फिक्या रंगाच्या साड्यांतल्या दोन सिस्टर उतरतात. ड्रायव्हर मागचं दार उघडून प्लॅस्टिकचे टब, पाण्याचे कॅन आणि स्टोव्ह खाली काढतो. भिंतीला टेकून बसलेली माणसं कुणी न सांगता रांगेत सरकतात.

मोठ्या सिस्टर श्रीरामपूरकडच्या, बोली अस्सल नगरी. "लिहायचं तर लिहा, पण नाव नको. आमचंही नको अन्‌ संस्थेचंही नको," एवढं बजावून त्या पदर खोचतात.

पहिले बाबा सत्तरीचे असावेत. डोक्यावर मळकी टोपी, गळ्यात साईंचं लॉकेट, दोन्ही हातांची बोटं आत वळलेली.

"साईराम, सिस्टर."

"साईराम, बाबा. पाय बघू."

पायाला पट्टीऐवजी जुनं फडकं गुंडाळलंय आणि ते जखमेला घट्ट चिकटलंय. सिस्टर ते ओढत नाहीत. वरून सलाईनची धार सोडत राहतात, फडकं आपोआप सुटेपर्यंत. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, खोल जखम आहे. तिच्या कडा पांढऱ्या पडून कडक झाल्या आहेत.

"काय लागलं होतं?"

"बाभळीचा काटा आसंल. कवा गेला ठावं न्हाई. रगात दिसलं तवा कळलं."

बाबांचा कुष्ठरोग कधीच बरा झालाय. गोळ्यांचा कोर्स त्यांनी तरुणपणीच पुरा केला. जंतू मेले, पण त्याआधी त्यांनी नसा मारल्या होत्या, त्या काही परत आल्या नाहीत. तुमच्या-माझ्या पायात खडा टोचला तर आपण थांबतो, बाबा त्याच खड्यावर दिवसभर चालत राहतात. ही जखम रोगाची नाही, बधिरपणाची आहे. तिच्यापासून कुणालाही काहीही होत नाही.

टबात पाणी ओतलं जातं. ते कितपत गरम आहे हे सिस्टर स्वतःचं कोपर बुडवून बघतात. बाबांना विचारण्यात अर्थ नाही, उकळतं पाणीही त्यांच्या पायाला कळणार नाही. पाय चांगला भिजला की त्या तो मांडीवर घेतात. टाचेचा घट्टा वजरीने घासतात, जखमेच्या कडेची मेलेली कातडी ब्लेडने पापुद्र्यापापुद्र्याने काढतात. ती कडक कड राहिली तर जखम भरत नाही, चालताना तीच आत रुतते. मग गॉज, मग पट्टी. भेगांना व्हॅसलीन, कारण या पायांना घामही येत नाही, कातडी कोरडी पडून फाटते. हे सगळं चालू असताना धाकट्या सिस्टर बाबांचा दुसरा पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्या तपासताहेत. त्यांच्या गुडघ्यावर पाण्याचा ओला डाग पसरलाय, तिकडे त्यांचं लक्षही नाही.

तेवढ्यात एक भाविक जोडपं चहाची किटली घेऊन येतं. चेहऱ्यावर खरीखुरी श्रद्धा. ते वाफाळता कागदी कप बाबांच्या हातात देऊ लागतात, तशा मोठ्या सिस्टर घाईने म्हणतात, "हातात नका देऊ ताई, खाली ठेवा. बोटं भाजतील अन्‌ त्यांना कळायचं नाही." त्या ताई चपापतात, मग खाली वाकून कप फरशीच्या तुकड्यावर ठेवतात आणि तो निवेपर्यंत तिथेच उकिडव्या बसून राहतात. "किती दिवसांनी बांधावं लागतं हो हे?" असं विचारतात. सकाळपासून रांगेतल्या माणसांच्या इतकं जवळ बसलेल्या बाहेरच्या त्या पहिल्याच.

शिर्डीत देणाऱ्यांची वाण नाही. प्रसादालयात रोज हजारोंच्या पंगती उठतात, थंडीत ब्लँकेटं वाटली जातात, नाण्यांचा खुळखुळाट चालूच असतो. पण नाणं वरून टाकता येतं, पाय वरून धुता येत नाही. या माणसांचं अडतं ते इथे.

आणि या गावाला तर हे कुणी शिकवायला नको. १९१० सालच्या दिवाळीत साईबाबांनी धुनीत हात घातला आणि तो होरपळला. त्यांचे भक्त नानासाहेब चांदोरकरांनी मुंबईहून डॉ. परमानंदांना आणलं, पण बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही. पट्टी सोडायची, तूप चोळायचं, पान ठेवून पुन्हा बांधायचं, हे काम रोज भागोजी शिंदे करायचे. भागोजींना स्वतःला कुष्ठरोग होता. दाभोलकरांच्या साईसच्चरितात हे सारं आलंय. ज्याच्या सावलीलाही लोक बिचकत, त्याच्या हातून बाबांनी आपली जखम बांधून घेतली. आज त्याच गावात दुखणाईताचा पाय मांडीवर घ्यायला दुसऱ्या धर्माच्या बाया येतात, याचं मला अप्रूप वाटतं आणि वाईटही वाटतं.

जखमा बांधणं या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींना नवं नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. डॉ. ज्युलिया बिसेल यांनी बायका-मुलांसाठी उभं केलेलं रुग्णालय पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेलं, तेच आजचं बूथ हॉस्पिटल. करोनात नगरकरांनी त्याची सेवा जवळून पाहिली. कुष्ठरोग्यांसाठी काम करणारी लेप्रसी मिशन ही संस्था १८७४ ची, अंबाल्यात रोग्यांची दैना पाहिलेल्या वेलस्ली बेली यांनी सुरू केलेली. आपल्या अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला तिचं रुग्णालय आहे.

"बाटवायला येतात," असं पलीकडचा एक पानवाला मला हळूच सांगतो. मी सकाळपासून इथे उभा आहे. लॉकेट साईंचंच आहे, नमस्कार साईरामचाच आहे, आणि सिस्टर बोलताहेत ते फक्त पायाबद्दल. ज्याला शंका असेल त्याने इथे येऊन एक टब उचलावा.

रांगेत आज दोन चेहरे कमी आहेत. "गाडीत घालून नेलं," शेजारच्या आजी सांगतात. भिक्षेकऱ्यांची धरपकड इथे अधूनमधून होते, माणसं श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात जातात. एप्रिल २०२५ मध्ये अशाच मोहिमेत नेलेल्यांपैकी काही जण दगावले, त्यावर राज्यभर ओरड झाली. सिस्टर आजींच्या बोलण्यावर काहीच म्हणत नाहीत. त्या दोघांसाठी आणलेल्या चपला पिशवीत परत ठेवतात. मऊ रबराच्या, खिळा नसलेल्या, मागे पट्टा असलेल्या चपला. पट्टा नसेल तर या पायांतून चप्पल कधी गळून पडली हेही समजत नाही.

शिर्डीला जाणाऱ्या वाचकांना माझं सांगणं आहे. अशा माणसापुढे नाणं टाकण्याआधी खाली बसा आणि त्याचा पाय बघा. घरी कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं कळत नसेल, तर आजच सरकारी आरोग्य केंद्रात न्या. गोळ्या सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात आणि त्या फुकट मिळतात. वेळेत घेतल्या तर नसा वाचतात, आणि पायाला जखम होण्याची वेळच येत नाही.