इंजिनाला आधार कशाचा?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी शेजारच्या गावातल्या एका स्नेह्यांचा फोन आला. "अहो, जरा येता का? गाडीचं ट्रान्समिशन काढायला घेतलंय, पण इंजिनच वाकडं झालंय."

पोचलो तेव्हा ड्राइव्हवेवर त्यांची जुनी सेडान दोन जॅक स्टँडवर उभी होती. इंजिनाची एक बाजू चांगली चार बोटे खाली आली होती, रेडिएटरचा होज ताणून बसला होता आणि भार सगळा ऑइल पॅनखालच्या एका लहानशा जॅकवर. कहर म्हणजे त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा टॉर्च धरून गाडीखाली पडला होता. आधी त्याला बाहेर बोलावले. बाकीचे बोलणे नंतर.

हे गृहस्थ पेशाने पुलांचे इंजिनिअर. भार कुठून कुठे जातो हे खरे तर त्यांनी मला शिकवावे! पण त्यांच्या डोक्यात होती लहानपणी वडिलांबरोबर खोललेली प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीत काय, किंवा अँबॅसिडरमध्ये काय, इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेले, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि तिथून लांब शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत. गिअरबॉक्स काढला की इंजिनाचे मागचे टोक कलते. ते सावरून धरले की काम भागते.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात उभ्या असलेल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची रचना वेगळी आहे. त्यांत इंजिन आडवे असते आणि ट्रान्समिशन त्याच्या एका टोकाला जोडलेले. १९५९च्या ब्रिटिश मिनीत इंजिन आडवे होतेच, पण गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत १९६४च्या इटालियन ऑटोबियांकी प्रिमुलाने रूढ केली. भारतात १९८३ साली आलेली मारुती ८०० याच घराण्यातली.

म्हणजे इंजिन आणि ट्रान्समिशन मिळून एक आडवी तुळई झाली. तिचे एक टोक इंजिनाकडच्या रबरी माउंटवर, दुसरे ट्रान्समिशनकडच्या. आपल्याकडचे मिस्त्री या माउंटला 'फाउंडेशन' म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे. खाली आणखी एकदोन माउंट असतात, ते मुख्यतः इंजिनाला मागेपुढे डुलू देत नाहीत. आता ट्रान्समिशन काढायचे म्हणजे तुळईचा एक टेकूच काढायचा. उरते ते सुमारे ३०० पौंडांचे इंजिन, एका कुशीवर लोंबकळणारे. हे सांगताच आमच्या पूल-इंजिनिअरांनी कपाळावर हात मारला.

"मग पॅनखाली फळी घालून जॅक लावला तर?" हा प्रश्न हमखास येतो. काही जण तसे करतातही, पण मी करत नाही. पॅन एकतर पातळ पत्र्याचे असते किंवा ॲल्युमिनियमचे. पत्रा आत दबतो, ॲल्युमिनियम तडकते. पॅनच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर ऑइल पंपाच्या जाळीचे तोंड असते. तळ वर दबला की ते तोंड बुजते, तेल पुरे पडत नाही आणि बेअरिंगे जातात. बरे, हे लगेच कळतही नाही. शिवाय तो जॅक नेमका आपल्या हालचालीच्या वाटेत असतो, आणि हायड्रॉलिक जॅकचा दाब हळूहळू उतरू शकतो. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे.

इंजिनाला आधार वरून द्यावा. त्यासाठी 'इंजिन सपोर्ट बार' मिळतो. गाडीच्या सुट्या भागांच्या बऱ्याच दुकानांत तो अनामत ठेवून उसनाही आणता येतो. बॉनेट उघडून तो आडवा ठेवायचा. त्याचे पाय फेंडरच्या बाहेरच्या पत्र्यावर ठेवू नयेत, पत्रा चेपतो. आतल्या बाजूला फेंडर जिथे बोल्टने बसवलेला असतो, त्या भक्कम कडेवर ठेवावेत. आकडे अडकवायचे ते इंजिन उचलण्यासाठी कारखान्यातच बसवलेल्या कड्यांत. कडी नसेल तर सिलिंडर हेडमधल्या मोकळ्या भोकात योग्य आट्यांचा जाड बोल्ट पुरता खोल बसवून त्याला चेन लावावी. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला मात्र कधीही नाही.

मग आकड्यांचे नट हळूहळू आवळायचे. किती? माउंटवरचा भार उतरेल इतकेच. माउंटचा बोल्ट सैल केल्यावर बोटांनी सहज फिरला की जमले. जास्त उचलले तर एक्झॉस्टचा पाइप आणि होज ताणले जातात.

हे सर्व करण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि गाडी सपाट काँक्रीटवर घ्यावी. डांबरी ड्राइव्हवे उन्हाने मऊ होतो आणि स्टँडचे पाय त्यात रुततात. तिथे खाली जाड प्लायवूड हवेच.

ट्रान्समिशनखाली वेगळा जॅक लावून त्याला पट्ट्याने बांधावे, आणि मगच बेल हाउसिंगचे शेवटचे दोन बोल्ट काढावेत. ते सरळ बाजूला सरकले पाहिजे. गिअरची गाडी असेल तर ते इनपुट शाफ्टवर क्षणभरही लोंबकळू देऊ नये, क्लचची प्लेट वाकते. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर ट्रान्समिशनबरोबरच बाहेर आला पाहिजे. अर्धवट सुटला तर तेलाने भरलेला तो जड गोळा पायावर पडतो. खाली उतरवताना कोणाचेही अंग त्याखाली नको.

परत बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला आहे ना, हे पाहावे. बेल हाउसिंग इंजिनाला हातानेच भिडले पाहिजे. फट राहिली तर ती बोल्ट आवळून मिटवू नये, पंप फुटतो. माउंटचे बोल्ट आधी हातानेच लावावेत, बारचा भार सोडावा, इंजिन आपल्या जागी बसू द्यावे आणि मग आवळावेत.

त्या शनिवारी आम्ही बार आणून इंजिन सरळ केले. जॅक काढून पाहिला तर पॅनला बशीएवढा खळगा पडला होता. नवे पॅन यायला चार दिवस लागले.