विवाहदिनी स्मरण

संतांची आपण पुण्यतिथी पाळतो. कॅथलिक पंथातही बहुधा तसेच. मात्र रोमच्या मारिया कोर्सिनी आणि त्यांचे वकील पती लुईजी बेल्त्रामे क्वात्रोक्की यांचा स्मरणदिन २५ नोव्हेंबर, म्हणजे १९०५ सालचा त्यांचा विवाहदिन. हुबळी-धारवाडच्या रुग्णालयांत ख्रिस्ती परिचारिकांची शुश्रूषा अनुभवलेल्या वाचकांस या गृहिणी-परिचारिकेची ओळख असावी.

चौथ्या खेपेस मारियाबाईंच्या जिवावर बेतले. गर्भ काढल्यावाचून आई वाचणे दुरापास्त, असे डॉक्टरांनी सांगितले. घरात तीन लहान मुले. तरीही पतिपत्नींनी नकार दिला. ६ एप्रिल १९१४ रोजी एन्रिकेत्ता जन्मली आणि मायलेकी दोघीही वाचल्या.

पुढे मारियाबाई युद्धकाळात रेड क्रॉसच्या स्वयंसेवी परिचारिका झाल्या, आजाऱ्यांना लूर्दच्या यात्रेस नेऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे घर निर्वासितांना मोकळे होते. नाथमहाराजांच्या घरच्या अन्नदानाची थोरवी आपण गातो; गिरिजाबाईंचे चुलीपुढचे श्रम कोण मोजतो?

मारियाबाई १९६५ साली निवर्तल्या. २१ ऑक्टोबर २००१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी या उभयतांना एकत्रच ‘धन्य’ घोषित केले. असा मान मिळालेले हे पहिलेच दांपत्य. सोहळ्यास सत्त्याऐंशी वर्षांची एन्रिकेत्ता उपस्थित होती.