कालव्यातला मासा आणि कराराचा हक्क

नदीतून कालवा काढला की पाण्याबरोबर मासाही शेतात जातो आणि पाणी ओसरताच तडफडून मरतो. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या खोऱ्यात समुद्राकडे निघालेली सॅमन माशांची पिल्ले अशीच मरत आली. उपाय साधा आहे : कालव्याच्या तोंडाशी बारीक छिद्रांची जाळी आणि अडलेल्या पिल्लांना नदीत परत नेणारी नळी.

प्रश्न आहे तो खर्चाचा. पाण्याचा हक्क शेतकऱ्याचा. मासा काही त्याचा नव्हे, मग पैसा त्याने का घालावा? पण १८५५ च्या करारांत याकामा, उमाटिला, नेझ पर्स या आदिवासी जमातींनी जमीन सोडली आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. मासाच उरला नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो.

२००० सालच्या कायद्याने ओरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो व पश्चिम मोंटाना येथील अशा कामांचा ६५ टक्क्यांपर्यंत खर्च केंद्राने उचलावा असे ठरविले. त्यासाठी २००१ ते २००५ या काळात वर्षाला अडीच कोटी डॉलरची मर्यादा होती. प्रत्यक्ष तरतूद त्याहून फारच कमी झाली.

या पैशाला अनुदान म्हणतात. मी त्याला देणे म्हणतो. जमीन केव्हाच घेतली गेली. तिची किंमत अजून चुकती व्हायची आहे.