तापनियंत्रक, प्रेषण तेलशीतकाचा

स्वयंचलित प्रेषण असलेल्या वाहनातील तेल शीतकातून न्यावयाचे की शीतकाला वळसा घालून परत न्यावयाचे, हे तेलाच्या तापमानानुसार ठरविणारी झडप. तिला थर्मोस्टॅट असेही म्हणतात.

१९३९ साली जनरल मोटर्सने आणलेल्या ‘हायड्रामॅटिक’पासून असे प्रेषण मोठ्या प्रमाणावर प्रचारात आले. त्यातील तेल शक्तीचे वहन करते, क्लचपट्ट्या दाबते, वंगण पुरविते व उष्णता वाहून नेते. चढ, जादा भार किंवा वारंवार थांबणे यांमुळे तेल घुसळले जाऊन फार तापते. अतितप्त तेलाचे ऑक्सिडीभवन होते, रबरी बंधने कडक होतात व क्लच घसरू लागतो. उलट, थंड तेलाची श्यानता (दाटपणा) जास्त असल्याने पंपाची शक्ती वाया जाते. हाताने दंतचक्रे बदलण्याच्या साध्या मोटारींना सहसा असा शीतक लागत नाही.

झडपेतील धातूच्या कुपीत मेण भरलेले असते. तेल थंड असता स्प्रिंगेमुळे वळणमार्ग उघडा राहतो. ठराविक तापमानास (पुष्कळ रचनांत सु. ७०° ते ९०° से.) मेण वितळून प्रसरण पावते, दट्ट्या पुढे सरकतो, वळणमार्ग क्रमाने बंद होतो व तेल शीतकाकडे वळते. तेल निवल्यावर स्प्रिंग दट्ट्यास मागे ढकलते. दोन्ही स्थितींत अभिसरण चालूच राहते. कारण अनेक रचनांत परतणाऱ्या तेलानेच धारव्यांचे वंगण होते.

लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या भागात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते, तर हिवाळ्यातील पहाटे बऱ्याच थंड असतात. त्यामुळे एकाच वाहनाला दोन्ही मार्गांची गरज पडते. उष्ण प्रदेशात तापनियंत्रक अनावश्यक आहे, असे समजून तो काढून टाकणे घातक ठरू शकते. केवळ आतील झडप काढल्यास दोन्ही वाटा उघड्या राहतात. तेल कमी रोधाच्या वळणमार्गानेच बहुतांशी जाते आणि शीतक असूनही तापमान वाढते. झडप वळणस्थितीत अडकल्यासही हेच घडते. अशा वेळी मोठा शीतक बसवून उपयोग होत नाही. म्हणून तेल तापू लागल्यास पातळी तपासून झाल्यावर, गाडी तापलेली असताना शीतकाच्या दोन्ही नळ्या गरम होतात की नाही हे पाहणे इष्ट ठरते. त्या थंडच राहिल्यास दोष शीतकात नसून तेल त्याच्यापर्यंत पोहोचत नसण्याचा संभव अधिक असतो.