लहान-मोठ्या अक्षरांचा कायदा
१९५७ साली फोरट्रान ही प्रोग्रामिंग भाषा आली तेव्हा पंचकार्डावर मोठी रोमन अक्षरंच उमटत, त्यामुळे लहान-मोठ्याचा प्रश्नच नव्हता. पुढे सी भाषेने दोन्ही वेगळी मानली आणि संकेत रुजत गेले. पायथनमध्ये क्लासचं नाव मोठ्या अक्षराने सुरू करतात, फंक्शनचं लहान. पण संकेत मोडला तरी प्रोग्राम चालतो. २००९ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या गो भाषेने मात्र त्याचा कायदाच केला: पहिलं अक्षर मोठं असेल तरच ते नाव पॅकेजबाहेर वापरता येतं.

हा निर्णय चुकला, असं मला ठामपणे वाटतं. नाव पाहताच ते खुलं की खासगी हे कळतं, ही सोय खरीच. पण देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच. ‘घर’ हे नाव गो स्वीकारते, मात्र बाहेर द्यायचं तर त्याच्याआधी मोठा रोमन एक्स चिकटवण्यासारखी कसरत करावी लागते. ‘नाव’ तर मुळीच चालत नाही, कारण कान्याला ती अक्षर मानत नाही. कोड इंग्रजीतच लिहितात, मग बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. पण मराठी शाळेतल्या मुलीला पहिला प्रोग्राम आपल्या शब्दांत लिहावासा वाटला, तर तिची अडवणूक लिपीपायी का व्हावी? जावा भाषेत नाव खुलं करायला ‘पब्लिक’ हा वेगळा शब्द आहे. तो कुठल्याही लिपीतल्या नावाआधी लावता येतो.