पाचातलं एक मूल : एडिनबरातली गरिबी मोजतात कशी?

एडिनबरा म्हटलं की किल्ला, ऑगस्टमधला फेस्टिव्हल आणि महागडी घरं आठवतात. याच शहरात साधारण पाचातलं एक मूल गरिबीत वाढतंय, असं एडिनबरा पॉव्हर्टी कमिशनने २०२० साली सांगितलं. इतक्या श्रीमंत शहरात हे खरं असेल का? त्यासाठी हा आकडा तयार कसा होतो, ते पाहायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे रेषा. ब्रिटनमधल्या सगळ्या घरांची उत्पन्नं चढत्या क्रमाने लावली, तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न म्हणजे मध्यक. त्याच्या ६० टक्क्यांहून कमी उत्पन्न असलेलं घर सापेक्ष गरिबीत धरतात. चार माणसांच्या घराला एकट्या माणसापेक्षा जास्त पैसे लागतात, म्हणून घरातल्या माणसांच्या संख्येनुसार उत्पन्न आधी जुळवून घेतात.

रेषेचा वाद आपल्याला नवा नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजच्या २,२५० कॅलरींचा आधार घेऊन भारतातली गरिबी मोजली. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की माणसाची गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते; सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो. रेषा कुठे आखायची, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट घरभाडं. समजा, दोन कुटुंबांना महिन्याला २,६०० पौंड मिळतात. एक एडिनबरात १,३०० पौंड भाडं भरतं, दुसरं लहान गावात ६०० पौंड. भाड्याआधी दोघं सारखीच. भाडं वजा केल्यावर एकाच्या हातात १,३०० उरतात, दुसऱ्याच्या २,०००. म्हणून स्कॉटलंडची उद्दिष्टं भाडं वजा करूनच ठरवली आहेत, आणि एडिनबरासारख्या शहराचं खरं चित्र तेव्हाच दिसतं.

तिसरी गोष्ट नमुना. राष्ट्रीय आकडे फॅमिली रिसोर्सेस सर्व्हे या पाहणीतून येतात. समजा, मुलं असलेली ६०० घरं पाहिली आणि २२ टक्के गरीब निघाली. साध्या यादृच्छिक नमुन्यात या आकड्याला दोन्ही बाजूंनी सव्वातीन टक्के अंकांची मुभा ठेवावी लागते. त्यातली ६० घरं एडिनबराची असतील, तर शहरापुरती हीच मुभा साडेदहाच्या आसपास जाते. मग ‘१२ ते ३२ टक्क्यांच्या मधे कुठेतरी’ एवढंच म्हणता येतं. म्हणून स्कॉटलंडसाठी बहुतेक वेळा तीन वर्षांची सरासरी देतात.

मग एकेका शहराचा आकडा येतो कुठून? सरकारी नोंदींमधून. कर आणि भत्त्यांच्या दप्तरात जवळजवळ प्रत्येक कुटुंब असतं, त्यामुळे नमुन्याची चूक उरत नाही. पण त्यात भाडं धरलेलं नसतं. लफबरा विद्यापीठातले संशोधक या नोंदींना घरखर्चाची जोड देऊन स्थानिक अंदाज काढतात. अमेरिकेतही शाळकरी मुलांच्या गरिबीचे जिल्हावार अंदाज असेच, पाहणी आणि नोंदी एकत्र करून काढले जातात.

शाळेतल्या मोफत जेवणाची नोंदही पूर्वी चांगली खूण होती. पण २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये प्रायमरी पाचपर्यंत सगळ्यांनाच जेवण मोफत आहे. मुलांसाठी ही चांगलीच बातमी. मोजणाऱ्यांच्या हातून मात्र लहान वर्गांपुरती एक पट्टी गेली.

इथे आपल्यापैकी अनेकांशी संबंध येतो. स्थानिक नोंदींच्या आकडेवारीत मूल ‘कमी उत्पन्नातलं’ ठरायला त्याच्या कुटुंबाने चाइल्ड बेनिफिट आणि आणखी एखादा भत्ता घेतलेला असावा लागतो. विद्यार्थी किंवा कामाच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक कुटुंबांना हे भत्ते घेण्याची मनाई असते. स्कॉटलंडमध्ये गरीब कुटुंबांना दर मुलामागे आठवड्याला मिळणारं स्कॉटिश चाइल्ड पेमेंटही अशाच भत्त्यांवर अवलंबून आहे. म्हणजे केअर होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या आईचं मूल कितीही ओढाताणीत असो, त्याला मदत मिळत नाही आणि त्या नोंदीत ते दिसतही नाही. राष्ट्रीय पाहणीत मात्र ते येऊ शकतं, कारण तिथे घराचा पत्ता निवडला जातो, भत्ता नव्हे.

स्कॉटलंडच्या २०१७ च्या कायद्यानुसार २०३०-३१ पर्यंत सापेक्ष बालगरिबी १० टक्क्यांखाली आणायची आहे. २०२३-२४ साठी मधला टप्पा १८ टक्क्यांचा होता. अंदाज आला २२. ही तफावत नुसत्या नमुन्याच्या चुकीवर ढकलणं कठीण आहे. पण पुढच्या वर्षी तो २१ किंवा २३ झाला, तर लगेच धोरण जिंकलं किंवा हरलं म्हणू नये; काही वर्षांची दिशा पाहावी. आणि आपल्या वस्तीचा कमी आकडा वाचून निश्चिंत होण्याआधी एवढं विचारावं : भाडं वजा केलंय का, आणि व्हिसावर आलेल्या घरांतली मुलं यात धरली आहेत का?